नको म्हणायची सवय

आजारपणावर कोणी लिहिलं की त्यात "या आजाराने मला खूप शिकवलं" असं एक वाक्य असतंच. ते वाचून मला राग यायचा, म्हणून आधीच सांगून टाकते. माझ्या आजाराने मला बटाटे दोनदा उकडून पहिलं पाणी फेकून द्यायला शिकवलं, आणि पाणी मोजूनच प्यायचं असल्यामुळे तहान लागली की बर्फाचा तुकडा चघळायला. बाकी जे काही कळलं ते शेजारच्या खुर्चीवरच्या बाईमुळे आणि माझ्या सासूबाईंमुळे. ज्यांना नुकतंच डायलिसिस सुरू झालंय आणि ज्यांच्या घरातलं कोणी किडनी द्यायला तयार झालंय, त्यांना याचा उपयोग होईल असं वाटतं.

डॉक्टरांचा फोन

मी जर्मनीत, ड्रेस्डेनला, चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. पाळीचं काम असतं, त्यामुळे दमणूक, पायांना सूज, डोकेदुखी या सगळ्याचं खापर मी कामावर फोडत होते. माझा नवरा अमेय म्हणायचा, "बी-ट्वेल्व्ह कमी झालं असेल, अंडंसुद्धा खात नाहीस." आपल्याकडे शाकाहारी माणसाला काहीही झालं तरी ते बी-ट्वेल्व्हच असतं.

कारखान्यातल्या नेहमीच्या तपासणीत तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझं ब्लडप्रेशर मोजलं, मशीनकडे बघितलं आणि दुसरं मशीन आणून पुन्हा मोजलं. मग आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा स्वतःचा फोन आला. जर्मनीत डॉक्टरांची वेळ मिळवता मिळवता माणूस आपोआप बरा होतो. तो डॉक्टर स्वतःहून फोन करतोय म्हणजे काय, हे मला नंबर बघूनच कळलं.

"बसून घ्या," ते म्हणाले. मी बसलेलीच होते, तरी उठून पुन्हा बसले.

दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या होत्या. कारणाला एक लांबलचक नाव होतं, ते इथे लिहीत नाही. ते वाचून तुम्ही इंटरनेटवर शोधत बसाल आणि विनाकारण घाबराल. मी फोन ठेवला आणि रात्रीसाठी छोले भिजत घातले. डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं. छोले आता आपल्याला वर्ज्य आहेत हे मला पुढच्या आठवड्यात आहारतज्ज्ञांनी सांगितलं.

अमेयने त्याच आठवड्यात आपली किडनी देऊ केली. तपासणीत त्याला स्वतःलाच डायबेटिस निघाला. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तो रडला आणि मी त्याला समजावत होते की गोड कमी केलंस की येईल आटोक्यात. आमची नऊ वर्षांची इरा मागच्या सीटवर होती. ती जर्मनमध्ये म्हणाली, "आता आपल्या घरात फक्त मीच धड आहे." आम्ही दोघं हसलो, तेव्हा ती रडायला लागली.

हालिना

आठवड्यातून तीनदा, सकाळच्या पाळीला, टॅक्सी मला डायलिसिस केंद्रावर सोडायची. वजन करायचं, खुर्चीवर आडवं व्हायचं, हाताला दोन जाड सुया. रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं. येताना ते जरा थंड वाटतं, म्हणून मी घरून गोधडी न्यायचे. मध्ये ब्रेड आणि चीज मिळतं. चार-साडेचार तास झाले की पायात गोळे येतात आणि दिवसाचा उरलेला भाग झोपेत जातो.

शेजारच्या खुर्चीवर हालिना असायची. पन्नाशीची, लाल रंगवलेल्या केसांची, मोठ्या आवाजाची. युक्रेनच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावात तिचं केस कापायचं दुकान होतं. पहिल्याच दिवशी तिने माझ्या वेणीकडे बघून मान हलवली. "डायलिसिसमध्ये केस गळतात. लांब ठेवू नकोस. मी कापून देईन, फुकट." मी "नको, कशाला तुम्हाला त्रास" म्हटलं. ती "गूट", म्हणजे बरं, म्हणाली आणि तो विषय तिथेच संपला. मला जरा राग आला, कारण केस मला कापून हवे होते.

आमची दोघींची जर्मन मोडकी होती, आणि त्यामुळेच बोलणं सोपं होतं. तिला सजवून सांगता यायचं नाही आणि मला सांत्वन करता यायचं नाही.

रशियन सैन्य आलं तेव्हा तिचं डायलिसिस सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. हॉस्पिटल जिल्ह्याच्या शहरात होतं. बसने तासाभराचा रस्ता, आता त्यावर ठिकठिकाणी चौक्या. प्रत्येक चौकीवर उतरायचं, पिशवी उघडायची, हातावरची सुयांची जागा दाखवायची. एका सैनिकाने ती जागा बघून तिला नशेबाज ठरवलं आणि दुपारपर्यंत बसवून ठेवलं. हॉस्पिटलातले बरेच डॉक्टर निघून गेले होते. दोन नर्सा राहिल्या होत्या. फिल्टर पुरेनात म्हणून चार तासांचं डायलिसिस अडीच तासांवर आलं, तीन वेळांचं दोनदा झालं. जखमी सैनिक आले की वॉर्ड रिकामा करायचा. दाराशी बंदूकवाला उभा.

"आवाज कोणी चढवत नव्हतं," ती म्हणाली. "सगळं व्यवस्थित चाललं होतं. तेच वाईट होतं."

मग एक दिवस खिडकीमागच्या बाईने सांगितलं की यापुढे उपचार हवे असतील तर रशियन पासपोर्ट दाखवावा लागेल. ती बाई हालिनाची गिऱ्हाईक होती. तिच्या लग्नात हालिनाने तिचे केस बांधले होते.

हालिनाने पासपोर्ट घेतला. तिच्या नवऱ्याने, मिकोलाने, घेतला नाही. त्याला ब्लडप्रेशरच्या गोळ्या लागतात, त्या त्याला दवाखान्यातून मिळायच्या बंद झाल्या. शेजारची एक म्हातारी आपल्यातल्या अर्ध्या देते, त्यावर त्याचं चालतं. "मला तो काहीच बोलला नाही," हालिना म्हणाली. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी कागदावर सही करून आले तेव्हा त्याने मला सूप वाढलं."

त्याच पासपोर्टवर ती लांबच्या वाटेने, रशियातूनच फिरून बाहेर पडली. स्वतःचा खरा पासपोर्ट तिने कात्र्यांच्या डब्याच्या तळाशी लपवून आणला. मिकोलाला तो कागद नसल्यामुळे बाहेर पडणंही जमलं नाही, आणि अंथरुणाला खिळलेल्या आईला सोडून तो आलाही नसता. फोन कोण ऐकतं सांगता येत नाही, म्हणून दोघं फक्त बागेतल्या टोमॅटोंबद्दल बोलतात. लाल झाले, कीड लागली, शेजारणीला दिले. पोटॅशियममुळे डायलिसिसवाल्यांना टोमॅटो वर्ज्य आहे. "मला खाता येत नाहीत ते टोमॅटो," ती म्हणायची आणि मोठ्याने हसायची.

सासूबाई

इरा लहान, अमेय ऑफिसात, मी एक दिवसाआड अर्धमेली, म्हणून सासूबाई कराडहून आल्या. त्या तिथे पाळणाघर चालवतात. निम्म्या गल्लीला त्यांनी भरवलेलं आहे. पोर तोंड मिटून नको म्हणतं तेव्हा त्याला खरं काय हवंय ते त्यांना बरोबर कळतं, असा त्यांचा दावा आहे आणि तो खोटा नाही.

आमचं नातं कसं होतं? वाईट नव्हतं. मी त्यांना "अहो आई" म्हणायचे, त्या मला नावाने हाक मारायच्या, आणि मध्ये दोन हातांचं अंतर होतं. माझी स्वतःची आई मी कॉलेजात असताना गेली. ती जागा यांना द्यायची नाही, असं काहीतरी माझ्या मनात लग्नापासून असावं.

आल्यावर आठवड्याभरातच जेवताना त्या म्हणाल्या, "माझा रक्तगट ओ आहे. सगळ्यांना चालतो म्हणे."

"अहो आई, काहीतरीच काय!"

"काहीतरीच काय त्यात? दोन आहेत. एक घे."

वाटीतली आमटी द्यावी तसं त्यांनी सांगितलं. इथल्या कायद्यात सासू म्हणजे रक्ताचं नातं नाही, पण खरोखरची जवळीक दाखवता आली तर चालतं. प्राथमिक तपासण्या झाल्या. एकसष्टाव्या वर्षी त्यांच्या किडन्या माझ्या दोन्ही मिळून कधी नव्हत्या इतक्या उत्तम निघाल्या. मग प्रत्यारोपण विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना बोलावलं.

त्यांनी सासूबाईंना विचारायचं ते विचारलं, अमेयने भाषांतर केलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्हाला? तुम्हाला सासूबाईंची किडनी स्वीकारायची आहे का?"

मी जर्मनमध्ये नाही-नाही केलं, "नाइन, नाइन. त्यांचं वय झालं. त्यांना कशाला त्रास?"

आणि थांबले. आपल्याकडे इथे समोरच्याने "असं कसं, घ्यायलाच पाहिजे" म्हणायचं असतं. मग आपण आणखी एकदा नको म्हणायचं, समोरच्याने रागवायचं, आणि आपण खाली बघायचं. त्याचा अर्थ हो. साड्या, पुरणपोळ्या, लग्नातला आहेर, सगळं मी आजवर याच पद्धतीने घेतलेलं आहे.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "प्रामाणिकपणे सांगितलंत, धन्यवाद. कुटुंबासमोर हे बोलणं फार अवघड असतं. तुमच्या निर्णयाचा मी आदर करते." आणि त्यांनी फाइल मिटली.

सासूबाईंना भाषांतराची गरज पडली नाही, नाइन हा शब्द इराने त्यांना पहिल्याच दिवशी शिकवला होता.

तेव्हाच का नाही बोललीस, असं मला नंतर सगळ्यांनी विचारलं. बोलायचं म्हणजे "हो, मला हवी आहे" असं म्हणावं लागलं असतं, आणि ते माझ्या तोंडून निघेना. शिवाय खरं सांगायचं तर त्यातलं अर्धं नको खरंच होतं. लग्नापासून ज्या बाईशी मी दोन हात अंतर ठेवलं, तिचा अवयव पोटात घेऊन जगायचं, तिच्या उपकाराखाली कायमचं वाकायचं, याची मला भीती वाटत होती.

ट्राममध्ये पुलावरून नदी दिसायला लागली, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "वयामुळे नको होती, की माझी म्हणून नको होती?"

"अहो आई, तसं नाही..."

"मग कसं?"



आग्रह बंद

घरी अमेय भडकला. "तू डॉक्टरांसमोर नाही म्हणालीस!"

"अरे, ते तसलं नको होतं!"

"जर्मनीत तसलं नको नसतं, सायली! बारा वर्षं राहतेस इथे!"

त्या दिवसापासून सासूबाईंनी मला आग्रह करणं बंद केलं. पोळी वाढताना "हवी?" विचारायच्या, मी सवयीने "नको" म्हटलं की डबा बंद. बाकी सगळं तसंच चाललं होतं. माझी औषधं, इराचा डबा, माझे पाय चेपणं. पण त्यांनी मला दुसऱ्यांदा काही विचारलं नाही, आणि मला रोज थोडं उपाशी उठावं लागे. त्यांचं परतीचं तिकीट जवळ आलं होतं. मृत व्यक्तीच्या किडनीसाठीच्या यादीत माझं नाव होतं, पण ती यादी वर्षानुवर्षांची. माझ्याच केंद्रावर वाट बघता बघता एक खुर्ची रिकामी झालेली मी पाहिली होती.

हे सगळं मी हालिनाला सांगितलं. तिला समजायला वेळ लागला.

"थांब," ती म्हणाली. "तुला हवी आहे. तिला द्यायची आहे. आणि तू नाही म्हणालीस?"

"आमच्याकडे तशी पद्धत आहे."

"आणि आता ती पुन्हा विचारेल म्हणून तू वाट बघतेस?"

"हो."

तिने सुया नसलेल्या हाताने चेहरा पुसला. मला वाटलं हसेल, पण ती चिडली होती. "मला खिडकीत विचारलं, पासपोर्ट हवा की नको. मी हो म्हणाले. मला मशीन मिळालं. त्या हो-साठी आज पण मला मिकोलाशी टोमॅटोबद्दल बोलावं लागतं, कारण दुसरं काय बोलणार मी त्याच्याशी? मी माझं हो कोणाला दिलं बघ. तुला फक्त सासूला द्यायचंय. आणि तुला लाज वाटते!"

तिचं मशीन वाजायला लागलं, हात हलल्यामुळे. नर्स धावत आली आणि दोघींना रागावली. मी गोधडी डोक्यावरून घेतली आणि आत रडले. आईची आठवण आली. ती असती तर मी तिच्याकडे मागितली असती का? मागितली असती. तिने दिली नसती तर भांडून घेतली असती.

घरी आले तेव्हा सासूबाई पाळणाघराच्या मुलांसाठी घेतलेली चॉकलेटं बॅगेत भरत होत्या. चक्कर येत होती म्हणून मी दाराला धरून उभी राहिले.

"आई, मला तुमची किडनी हवी आहे."

त्यांनी चॉकलेटं भरणं थांबवलं नाही. "नक्की?"

"हो."

"मी दुसऱ्यांदा विचारणार नाही."

"नका विचारू. मलाच हवी आहे. पण मला भीती वाटते की आयुष्यभर तुम्ही..."

"ऐकवेन?" त्या बॅगेवर बसल्या. "ऐकवणारच! किडनी देऊन वर गप्प बसेन असं वाटलं का तुला?" आणि मग त्यांचा आवाज बदलला. "मला पण भीती वाटते गं. ऑपरेशनची वाटते. पण तू मागणारच नाहीस, याची जास्त वाटत होती."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. ते मी आधी कधीच केलं नव्हतं.

पुन्हा हो

आपलं नाही हे नाही नव्हतं, हे जर्मन डॉक्टरांना समजावून सांगणं ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं. आता त्यांना संशय आला की घरच्यांनी माझ्यावर दडपण आणलं. मानसोपचारतज्ज्ञांनी मला एकटीला बसवून विचारलं, "तुम्ही आधी नकार दिला होता. मध्ये तुमच्यावर कोणी दबाव आणला का?"

"हो," मी म्हटलं. "शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने." मग सगळं सांगावं लागलं.

सासूबाई कराडला जाऊन, पाळणाघर जावेच्या हातात देऊन, लांब मुदतीचा व्हिसा घेऊन परत आल्या. किडनी देणाऱ्याला एका समितीसमोर बसावं लागतं. घरच्यांना आत घेत नाहीत. फ्रँकफर्टहून एक मराठी दुभाषी बाई आल्या होत्या. बाहेर आल्यावर सासूबाईंनी सांगितलं, "विचारत होते, अजूनही नाही म्हणता येईल, माहीत आहे ना? मी म्हटलं, माहीत आहे, म्हणूनच हो म्हणते."

ऑपरेशनबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, मी झोपले होते. जाग आली तेव्हा नर्सने लघवीची पिशवी वर धरून दाखवली. भरलेली. आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट मी पाहिलेली नाही, हसायचं तर हसा. मग तिने पाण्याची भली मोठी बाटली आणून ठेवली आणि मी पुरेसं पीत नाही म्हणून माझ्यावर रागावली. दुसऱ्या दिवशी सासूबाई सलाईनचा स्टँड ढकलत माझ्या खोलीत आल्या. पोट धरून, वाकून.

"कशी आहे ती?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे मी, आई."

"तुला नाही विचारलं."

तेव्हापासून त्या ऐकवताहेत. मी गोळी घ्यायला पाच मिनिटं उशीर केला की "माझी किडनी आहे ती" असं कराडहून फोनवर ऐकायला मिळतं. इतरांच्या घरी हे कसं होतं मला माहीत नाही. ज्यांना कोणी देऊ करतंय त्यांना एवढंच सांगते: नकोच असेल तर नाही म्हणा, डॉक्टर तुमच्या बाजूने उभे राहतात, मी पाहिलंय. पण हवी असेल तर एकदाच आणि स्पष्ट मागा.

सासूबाई परत जायच्या आधी आम्ही दोघी हालिनाला भेटायला केंद्रावर गेलो. मी मास्क लावून. माझ्या खुर्चीवर एक तरुण मुलगा होता, त्याच्या अंगावर हॉस्पिटलचं पातळ ब्लँकेट. हालिनाच्या अंगावर माझी गोधडी होती. ती मी तिला मागेच देऊन टाकली होती. तिने आधी माझे केस बघितले, नाराजी दाखवली, आणि या वेळी मी सरळ म्हटलं, "कापून दे."

मिकोलाकडची काही चांगली बातमी नव्हती. शेजारची म्हातारी आजारी होती, त्यामुळे गोळ्यांचं अवघड झालं होतं. त्याने अजूनही तो कागद घेतला नव्हता.

सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला. तिला काय चालतं ते मला नीट विचारून त्यांनी रव्याचे लाडू केले होते, बेदाणे, खोबरं काही न घालता. एक पुढे केला.

"नाइन, डांके," हालिना म्हणाली, म्हणजे नको, धन्यवाद.

पूर्वीच्या सासूबाईंनी तो तिच्या हातात कोंबला असता. आता त्यांचा हात थांबला. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "विचार तिला. खरं नको आहे, की वरवरचं?"

मला ते जर्मनमध्ये सांगायला बराच वेळ लागला. हालिनाने सासूबाईंकडे पाहिलं, त्यांच्या पोटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं, मग लाडवाकडे.

"वरवरचं," ती म्हणाली. "खरं नको मिकोला म्हणतो. आमच्या घरात तो एकटा पुरे आहे. दे."

तिने अर्धा लाडू खाल्ला, डोळे मिटून. अर्धा रुमालात बांधून ठेवला. आज टोमॅटोंशिवाय आणखी काहीतरी सांगायला मिळालं त्याला, असं म्हणाली, आणि सासूबाईंकडे हात पसरून आणखी एक मागितला.